रोबो पाय धरतो तेव्हा

आधी एक हिशेब करू. आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण २५० किलोमीटर. धडधाकट माणसाचं एक पाऊल सरासरी ७० सेंटिमीटरचं धरलं, तर माउलींच्या पालखीबरोबर निघालेला वारकरी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात पोहोचेपर्यंत सुमारे ३ लाख ५७ हजार पावलं टाकतो.

आता दुसरा आकडा. पक्षाघात झालेल्या माणसांकडून फिजिओथेरपीत नेमका किती सराव होतो, हे कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या सात केंद्रांत जाऊन, ३१२ सत्रं पाहून मोजलं. २००९ साली तो अभ्यास छापून आला. चालण्याचा सराव झाला त्या सत्रांत रुग्णांनी टाकलेली पावलं होती सरासरी ३५७. म्हणजे एका वारीएवढी पावलं भरायला एक हजार सत्रं हवीत! रोज एक सत्र, रविवारची सुटीसुद्धा नाही, असं धरलं तरी पावणेतीन वर्षं.

चालणं शिकवणारे रोबो जन्माला आले ते अशाच हिशेबापायी. मेंदूचा एक भाग निकामी झाला की शेजारच्या आणि पलीकडच्या भागांना ते काम नव्यानं शिकावं लागतं, आणि मेंदू शिकतो तो पुन्हा पुन्हा केल्यानं. यंत्रावर वीस मिनिटं ते अर्ध्या तासात आठशे-हजार पावलं होऊ शकतात. वारीचा हिशेब हजार सत्रांवरून साडेतीनशे-साडेचारशेवर येतो.

ट्रेडमिल : तुरुंगातून दवाखान्यात

यातले बरेच रोबो ज्या फिरत्या पट्ट्यावर उभे असतात त्याचा पूर्वज तुरुंगातला. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्यानं १८१८ मध्ये कैद्यांसाठी एक भलंमोठं पायऱ्यांचं चाक काढलं. कैद्यांनी तासन् तास त्यावर चढत राहायचं, पायरी खाली सरकत राहायची, माणूस होता तिथंच. ऑस्कर वाइल्ड या नामवंत लेखकालाही १८९५ मध्ये शिक्षा झाल्यावर या चाकावर चढावं लागलं होतं. १८९८ च्या कायद्यानं ब्रिटनमधल्या तुरुंगांतून ते हद्दपार झालं. माणसाला दमवून मोडायला काढलेली कल्पना माणसाला पुन्हा उभं करायला वापरली जाते, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वळण वाटतं.

मेंदूचा हुकूम नसतानाही चालणारी मांजर

थॉमस ग्रॅहॅम ब्राऊन या शास्त्रज्ञानं १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पाय पुढे-मागे टाकण्याची लय मज्जारज्जूतच, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या चेतातंतूंच्या दोरात तयार होऊ शकते. पुढे १९८७ मध्ये कॅनडातल्या बार्बो आणि रॉसिन्योल यांनी मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांना शेपटीला आधार देऊन ट्रेडमिलवर सराव दिला. काही आठवड्यांनी त्यांचे मागचे पाय अंगाचं वजन पेलत चालू लागले. मेंदूतून एकही हुकूम खाली येत नव्हता, तरी!

माणसाचं इतकं सोपं नाही. आपल्या चालण्यात मेंदूचा वाटा मांजरापेक्षा कितीतरी मोठा. पण पक्षाघातात मज्जारज्जू शाबूत असतो, वरून येणारे हुकूम अडलेले असतात, हे लक्षात घेतलं की त्या प्रयोगातून निघालेली युक्ती पटते : माणसाला वरून पट्ट्यांनी तोलून धरा, थोडं वजन कमी करा, पायाखाली पट्टा सरकवा आणि पायांना चालण्याची आठवण द्या.

पाठ कुणाची दुखत होती?

युक्ती चांगली, पण राबवणं जिकिरीचं. रुग्णाला वरून टांगलं तरी लुळा पाय प्रत्येक पावलाला कुणीतरी उचलून पुढे ठेवायला हवा. एक फिजिओथेरपिस्ट पायाशी बसून, वाकून, घोटा आणि गुडघा धरून पाऊल टाकून देणार. दुसरी व्यक्ती मागून कंबर सावरणार. कधी तिसरीही लागायची. दहा-पंधरा मिनिटांत रुग्णाआधी थेरपिस्टच घामाघूम.

झुरिकच्या बालग्रिस्ट विद्यापीठ रुग्णालयात गेरी कोलोंबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम यंत्राकडे द्यायचं ठरवलं. होकोमा ही त्यांची कंपनी १९९६ मध्ये सुरू झाली, २००० साली त्यांच्या यंत्राचा शोधनिबंध आला आणि २००१ पासून ‘लोकोमॅट’ विकायला आलं. दोन्ही पायांना मिळून चार मोटारी : दोन खुब्यांना, दोन गुडघ्यांना. घोट्याला मोटार नाही. तिथं पाऊल वर धरायला लवचिक पट्टा असतो.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये श्टेफान हेस्से यांनी निराळा मार्ग काढला. त्यांच्या यंत्रात ट्रेडमिलच नाही. रुग्ण दोन पावठ्यांवर उभा राहतो आणि त्या पावठ्याच पावलं टाकल्यासारख्या फिरतात. गुडघा मोकळा राहतो, तो सांभाळण्याची जबाबदारी रुग्णाची. आजही या क्षेत्रातली बरीच यंत्रं ढोबळमानानं या दोन घराण्यांतली आहेत : पाय बाहेरून कवचात घेणारी आणि नुसता तळपाय फिरवणारी. तिसरं घराणं नंतर आलं, ते अंगावर चढवून खोलीभर चालत फिरण्याचं.

यंत्रात उभं राहायचं म्हणजे काय काय

आधी रक्तदाब. तो जास्त असला तर त्या दिवशी यंत्र बंदच. मग टेप. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मांडी किती, गुडघ्यापासून खाली नडगी किती, हे मोजून यंत्राचे पाय लांब-आखूड करायचे. यंत्राचा गुडघा आणि माणसाचा गुडघा एकाच रेषेत आला नाही तर प्रत्येक वाकण्याला कातडी घासणार, आणि हजार पावलांत त्याची जखम होणार. आपल्याकडे पक्षाघाताच्या अनेक रुग्णांना मधुमेहही असतो, पायाला संवेदना कमी असते, म्हणून लागलेलं कळतही नाही. चांगली थेरपिस्ट सत्र संपल्यावर पट्ट्यांखालची कातडी उघडून बघते, लाल वळ उठलाय का ते.

मग छातीभोवती आणि जांघेतून जाणारे पट्टे. धोतर किंवा नऊवारी चालत नाही, सुती पायजमा किंवा ट्रॅकपँट हवी, कारण जांघेतला पट्टा आवळला की कापडाची एक चुणीही रुतते. चाकांची खुर्ची उतारावरून पट्ट्यापर्यंत नेली जाते, वरच्या दोरीनं माणूस हळूहळू उभा होतो. कित्येकांसाठी आजारानंतर स्वतःच्या उंचीवरून समोर बघण्याची ही पहिली वेळ. नातेवाईक इथंच रडतात, यंत्र अजून सुरूही झालेलं नसतं.

यंत्राचे पाय बाजूनं येतात, मांडी आणि नडगीला पट्टे लागतात, पावलांना उचल-पट्टा. पहिली काही पावलं हवेतच टाकली जातात. मग माणूस खाली येतो, टाच पट्ट्याला टेकते, आणि चालणं सुरू. वेग किती? ताशी दीड-दोन किलोमीटर. पायी फिरायला निघालेला माणूस ताशी साडेचार-पाच किलोमीटर चालतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी. अंगाचा भार सुरुवातीला तीस-चाळीस टक्के दोरीवर, पुढे कमी कमी. लाल बटण थेरपिस्टच्या हाताशी.

सगळ्यांना हे करता येत नाही. हाड जुळायचं बाकी असेल, हाडं फार ठिसूळ झाली असतील, पायाला उघडी जखम असेल, सांधे आखडून बसले असतील किंवा हृदयाचं दुखणं अस्थिर असेल, तर डॉक्टर थांबायला सांगतात.

चपलेवरून कळतं

अंगावरून वारं गेलेल्या माणसाची चाल लांबून ओळखू येते. हात कोपरात मुडपलेला, पाय सरळ ताठ, आणि पुढे टाकताना तो कंबरेतून बाहेरच्या बाजूनं गोल फिरतो. कारण साधं आहे. गुडघा वेळेवर वाकत नाही आणि पाऊल पुढून लोंबतं, मग अंगठा जमिनीला न अडकवता पाय पुढे न्यायचा तर तो फिरवूनच न्यावा लागतो. घरच्यांना आधी चपलेतून समजतं. त्या पायातली चप्पल सुटून मागे राहते, आणि जी राहत नाही तिचा पुढचा भाग झिजून जातो. फिजिओथेरपीच्या खोलीत जुनी चप्पल घेऊन जा. तिच्यावरून पुष्कळ सांगता येतं.

या लोंबत्या पावलावरची एक युक्ती रोबोंच्या कितीतरी आधीची. १९६१ मध्ये व्लादिमिर लिबरसन यांनी बुटाच्या टाचेत एक बटण बसवलं. टाच उचलली की गुडघ्याखालच्या चेतातंतूला विजेचा हलका झटका, आणि पाऊल वर. तिचे सुधारलेले अवतार आजही वापरात आहेत.

रोबोचा सगळ्यात मोठा दोष : तो फार चांगला आहे

आता कळीची गोष्ट. यंत्र पाय इतका बिनचूक उचलतं की माणूस ते काम सोडून देतो. आळसानं नव्हे. आपल्या शरीराची घडणच अशी की जिथं कमी कष्टात काम होतंय तिथं ते जास्त जोर लावत नाही. रोबोच्या मदतीनं चालताना स्नायूंचं काम आणि प्राणवायूचा खर्च थेरपिस्टच्या मदतीनं चालण्यापेक्षा कमी असतो, हे २००६ मध्येच मोजून दाखवलं गेलं होतं. आजोबांनी नातवाचा गृहपाठ लिहून दिला तर वही सुंदर होते आणि नातवाला काही येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून पुढच्या यंत्रांना कमी मदत करायला शिकवलं गेलं. माणूस जेवढा कमी पडेल तेवढाच हात द्यायचा. मदत किती ठेवायची याचा आकडा थेरपिस्टला शंभर टक्क्यांपासून खाली आणता येतो. समोरच्या पडद्यावर खेळ असतो. पाय नेटानं मारला तर पडद्यावरचं पात्र पुढे पळतं, ढिला सोडला तर रेंगाळतं. साठीतला माणूसही यात रंगतो, कारण इतके दिवस न दिसणारी स्वतःच्या पायाची मेहनत त्याला डोळ्यांनी दिसायला लागते. अशा केंद्रात गेलात तर एक प्रश्न जरूर विचारा : आज मशीननं किती काम केलं आणि आमच्या माणसानं किती?

आठांत एक

यंत्राचा उपयोग होतो का? जगभरच्या चाचण्या गोळा करून पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०२० मध्ये ६२ चाचण्या आणि २,४४० रुग्ण एकत्र पाहिले. फिजिओथेरपीला यंत्राची जोड दिली तर कुणाच्याही आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते. ढोबळ हिशेब असा की आठ जणांना हा उपचार दिला तर एक जण जास्तीचा स्वतंत्रपणे चालू लागतो. सर्वांत जास्त फायदा दिसतो तो पहिल्या तीन महिन्यांत आलेल्यांना, आणि ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांना.

हे ‘जोड’ आणि ‘तीन महिने’ दोन्ही शब्द अधोरेखित करावेत असे आहेत. ज्यांना थोडंफार चालता येतं त्यांचं चित्र उलटही निघालं आहे. २००९ मध्ये हिडलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ६३ रुग्णांची तुलना केली. थेरपिस्टच्या हाताखाली नेहमीच्या पद्धतीनं चाललेल्यांचा वेग आणि अंतर रोबोवाल्यांपेक्षा जास्त वाढलं. २०११ मधली आणखी एक मोठी चाचणी, ४०८ रुग्णांची. तीत रोबो नव्हता, पण वरून तोलणारे पट्टे आणि ट्रेडमिल होती, आणि तुलनेला होता घरी येऊन बळ आणि तोल वाढवणारे व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट. वर्षाअखेरीस दोन्ही बाजू बरोबरीत. घरातला तो व्यायाम कुठल्या महागड्या यंत्रावर नव्हता, पण ती ३६ सत्रं होती, प्रत्येकी दीड तासाची. मोजून, नेमानं.

आणि एक आपल्या देशातली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी, भारतातली १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून व्यायाम करून घेतले तर? सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. हा निकाल मला चटका लावून गेला, कारण आपल्याकडे सगळी भिस्त घरच्यांवरच असते. सुनेनं, मुलीनं, बायकोनं जीव तोडून करावं आणि तेवढ्यानं भागावं, ही अपेक्षा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. घरच्यांच्या जोडीला शिकलेला फिजिओथेरपिस्ट हवाच, आणि तो तालुक्याच्या गावीही हवा.

हलगी, मृदंग आणि पाऊल

सोलापूरकरांना मनापासून पटेल अशी ही गोष्ट. मायकेल थाऊट यांच्या गटानं १९९७ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांना ठेक्याच्या संगीतावर चालायला लावलं. ठेक्याशिवाय चालणाऱ्यांपेक्षा त्यांचा वेग आणि पावलांची लांबी जास्त सुधारली. कानावर पडणारा ठेका पुढचं पाऊल कधी पडायचं ते आधीच सांगतो, आणि स्नायू त्या क्षणासाठी तयार होतात.

वारीतली दिंडी टाळ-मृदंगावर चालते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे उंचच उंच नंदीध्वज हलगीच्या साथीनं शहरातून फिरतात. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी तो भार पोटाशी पेलत, तोल सांभाळत एकेक पाऊल टाकतात, आणि त्यासाठी यात्रेआधी त्यांचा सराव चाललेला असतो. भार, तोल, ठेका, सराव : चालण्याच्या पुनर्वसनाचे चारही घटक यात आहेत. आपल्याकडच्या एखाद्या फिजिओथेरपी कॉलेजनं परदेशी मेट्रोनोमच्या टिकटिकीऐवजी हलगीचा संथ ठेका ध्वनिमुद्रित करून वापरून बघावा, असं मला फार वाटतं. पंचाहत्तरीच्या माणसाला तो शिकवावाच लागणार नाही.

सोलापुरात आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजव्या अंगाबरोबर बऱ्याचदा भाषाही जाते. अशा वेळी सूचना छोटी हवी आणि ओळखीच्या भाषेत हवी. पूर्व भागातल्या विणकर घरातल्या आजोबांना ती तेलुगूत, अक्कलकोटकडच्या आजींना कन्नडमध्ये आणि माढ्याच्या काकांना मराठीत : ‘काका, टाच आधी. टाच!’ पडद्यावरच्या इंग्रजी अक्षरांपेक्षा हे चार शब्द जास्त काम करतात.

दोन पट्टे, दोन वेग

एका प्रकारच्या ट्रेडमिलला दोन स्वतंत्र पट्टे असतात, डाव्या पायाला एक आणि उजव्याला एक. डार्सी राइझमन आणि एमी बॅस्टियन यांनी २००७ मध्ये लंगडणाऱ्या रुग्णांना यावर चालवलं, दोन्ही पट्ट्यांचे वेग मुद्दाम वेगळे ठेवून. त्यामुळे लंगडणं आणखी वाढतं. पण थोड्या वेळानं दोन्ही पट्टे सारख्या वेगानं सोडले की काही मिनिटं पावलं चक्क सारखी पडतात! चूक वाढवून दाखवली की मेंदू ती दुरुस्त करायला लागतो. परिणाम थोडा वेळच टिकतो, तो टिकवायचा तर पुन्हा सरावच. पण ‘सारखं चालण्याची ताकद या मेंदूत शिल्लक आहे’ हे त्या काही मिनिटांत सिद्ध होतं, आणि ते स्वतः अनुभवलेल्या माणसाला कुणी ‘आता काही होणार नाही’ म्हणून सांगू शकत नाही.

काही चटकन सांगण्याजोगं

माणसाला बाहेरून पाय जोडण्याची कल्पना बरीच जुनी. निकोलस याग्न या रशियातल्या संशोधकाला १८९० मध्ये चालणं-धावणं-उड्या सोप्या करणाऱ्या कमानी स्प्रिंगच्या साधनाचं अमेरिकी पेटंट मिळालं. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकनं केलेल्या ‘हार्डिमन’ या कवचाचं वजन सुमारे ६८० किलो होतं. माणूस आत असताना ते पूर्ण चालवण्याचं धाडस झालंच नाही. १९७० च्या आसपास बेलग्रेडमध्ये मिओमिर वुकोब्रातोविच यांनी अपंगांसाठी चालतं कवच बनवलं. दोन पायांच्या रोबोंचा तोल सांभाळण्याचं त्यांचं गणित आजही वापरलं जातं.

जपानच्या योशियुकी सांकाई यांच्या कवचाचं नाव ‘हॅल’ आणि कंपनीचं ‘सायबरडाइन’. सिनेमाप्रेमींच्या भुवया उंचावतील, कारण एक नाव ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधल्या संगणकाचं आहे आणि दुसरं ‘टर्मिनेटर’मधल्या कंपनीचं. हे यंत्र कातडीवरून स्नायूंकडे येणारे क्षीण विद्युतसंकेत वाचतं. पाय हलवायची नुसती इच्छा झाली आणि संकेत तिथवर पोहोचला, की मोटार मदतीला धावते.

‘रीवॉक’ कवच बनवणारे इस्रायलचे अमित गोफर यांना १९९७ च्या अपघातात मानेखाली अपंगत्व आलं. त्यांनी बनवलेल्या कवचानं कमरेखाली लुळी पडलेली माणसं चालू लागली, पण त्यात कुबड्या धराव्या लागत, आणि गोफर यांचे हात तेवढे चालत नसल्यानं ते त्यांना स्वतःला वापरता येत नव्हतं. पुढे त्यांनी उभं राहून फिरता येईल अशी चाकांची गाडी बनवली. पक्षाघातासाठी अमेरिकी नियामकाची मंजुरी मिळवणारं पहिलं कवच ‘एक्सो’, २०१६ मधलं. त्या कंपनीनं त्याआधी सैनिकांचा बोजा पेलणारं कवचही केलं होतं.

भिंतीला धरून रांगलेले प्राध्यापक

या रोबोंच्या कितीतरी आधी, १९५० चं दशक संपता संपता, न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे पेद्रो बाख-इ-रीता यांना पासष्टीच्या सुमारास पक्षाघाताचा मोठा झटका आला. मेक्सिकोत वैद्यकीचं शिक्षण घेणाऱ्या जॉर्ज या मुलानं वडिलांना चालायला शिकवलं नाही, आधी रांगायला शिकवलं. भिंतीला खांदा टेकवून, दिवसचे दिवस, महिनोन् महिने. शेजारीपाजारी नावं ठेवत राहिले. वडील पुन्हा कॉलेजात शिकवू लागले. काही वर्षांनी डोंगर चढत असताना हृदयविकारानं ते गेले. शवविच्छेदनात मेंदूची इजा तशीच, प्रचंड मोठी दिसली. ती भरून आलीच नव्हती. उरलेल्या मेंदूनं काम उचललं होतं. त्यांचा दुसरा मुलगा पॉल पुढे मेंदूच्या या लवचिकतेचा जगन्मान्य अभ्यासक झाला.

आपल्याकडे कुठवर?

पायांचं पुनर्वसन महाराष्ट्राला नवीन नाही. मुलगी पोलिओनं आजारी पडल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना काढला. देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं उभं राहिलं. हाजी अलीची भौतिक वैद्यक आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ ची. सोलापूरचं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं, आणि त्याच्या जोडीचं सर्वोपचार रुग्णालय, आपलं ‘सिव्हिल’, जिल्ह्याबाहेरच्या, अगदी कर्नाटकातल्या रुग्णांचाही आधार आहे.

रोबोंच्या बाबतीत रस्ता दाखवला तो केरळनं. मॅनहोलमध्ये माणसाला उतरावं लागू नये म्हणून ‘बँडिकूट’ हा रोबो बनवणाऱ्या तरुण अभियंत्यांच्या जेनरोबोटिक्स कंपनीनंच चालायला शिकवणारं ‘जी-गेटर’ बनवलं, आणि तिरुवनंतपुरमच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये ते २०२३ मध्ये बसलं. ही बातमी मला परदेशी यंत्रांच्या सगळ्या कौतुकापेक्षा मोठी वाटते. परदेशी यंत्राची किंमत कोटींच्या घरात जाते, म्हणून ते बड्या खासगी रुग्णालयांत अडकून राहतं. पहिले तीन महिने सगळ्यात मोलाचे असतील, तर त्या तीन महिन्यांत मंगळवेढ्याच्या किंवा करमाळ्याच्या माणसानं दर दोन दिवसांनी पुण्याला जावं हे शक्यच नाही. यंत्र जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात हवं.

रस्ता ओलांडण्याचा वेग

चालणं सुधारलं की नाही हे ठरवायला डॉक्टर एक सोपी कसोटी वापरतात. दहा मीटर चालायला किती सेकंद लागले? जॅकलिन पेरी यांनी १९९५ मध्ये वेगाचे टप्पे ठरवून दिले. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी असेल तर माणूस घरातल्या घरात, ०.४ ते ०.८ असेल तर गल्लीपर्यंत, ०.८ च्या वर गेला तर गावात मोकळा. सात रस्त्यासारख्या चौकात १२ मीटर रुंद रस्ता धरला, तर ०.४ च्या माणसाला तो ओलांडायला ३० सेकंद लागतात, ०.८ च्या माणसाला १५. घरी हे मोजायला खडूच्या दोन रेघा आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. दर पंधरा दिवसांनी आकडा लिहून ठेवा. बदल डोळ्यांना दिसायच्या आधी तो कागदावर दिसतो.

कापडाचा रोबो

शेवटची गोष्ट खास सोलापूरसाठी. हार्वर्डच्या कॉनर वॉल्श यांच्या गटानं लोखंडी कवच बाजूला ठेवून कापडी रोबो केला. कंबरेला पट्टा, पोटरीला कापडी वेढा, बुटात तळवा, आणि मध्ये केबल. पाऊल उचलायच्या नेमक्या क्षणी कमरेवरची छोटी मोटार केबल ओढते, अंगठा वर येतो. पाऊल मागे रेटायच्या क्षणी मागची केबल ओढली जाते. पक्षाघाताच्या रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये आला, आणि जून २०१९ मध्ये ‘रीस्टोर’ नावानं अशा मऊ पोशाखाला अमेरिकी मंजुरी मिळाली.

यातली अवघड बाजू मोटारीची नाही, कापडाची आहे. पट्टा ओढला गेला की वर सरकता कामा नये, कातडीला रुतता कामा नये, घामानं भिजला की धुता यायला हवा, आणि एका हातानं बांधता यायला हवा, कारण दुसरा हात लुळा असतो. कोणत्या दिशेनं विणलेलं कापड ताणात तग धरतं आणि कोणत्या दिशेनं सैल पडतं, हे ज्याला बोटांनी कळतं त्याचं हे काम. सोलापुरात १८७७ मध्ये गिरणी सुरू झाली, चादरी-टॉवेलांचे हजारो माग आहेत, शाळांचे गणवेश शिवणारे कारखाने देशभर माल पाठवतात. इथल्या एखाद्या कारखानदारानं, अभियांत्रिकी महाविद्यालयानं आणि सिव्हिलच्या फिजिओथेरपी विभागानं एका टेबलाभोवती बसावं. पहिली वस्तू मोटारीचीही नको : लोंबतं पाऊल वर धरणारा, आपल्या चपलेवर बसणारा, एका हातानं लावता येणारा, गरिबाला परवडणारा पट्टा. त्यासाठी लागणारं सगळं सामान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आजही मिळतं.